चांगला माल असूनही धंदा का सोडला?

यामाहा म्हटलं की कीबोर्ड, गिटार आठवते. पण ही जपानी कंपनी एकेकाळी सीडी रायटरही बनवायची. 2002 च्या सीआरडब्ल्यू-एफ1 मध्ये तर सीडीच्या रिकाम्या भागावर चित्र उमटवायची सोय होती! तरीही 2003 मध्ये यामाहाने या धंद्यातून काढता पाय घेतला. कारण? सीडी रायटरच्या किमती धडाधड घसरत होत्या. माल कितीही भारी असला तरी मार्जिन उरेना. वाद्यांचा मूळ व्यवसाय मात्र चालू राहिला.

आता तुमचं बघा. प्रत्येक मालाचा हिशोब वेगळा मांडा. गल्ल्यात किती आले ते सोडा, खर्च वजा जाऊन किती उरले ते लिहा. काही महिने सलग काहीच उरत नसेल, तर नवीन स्टॉक भरू नका. आहे तो विकून अडकलेलं भांडवल मोकळं करा आणि चालणाऱ्या मालात लावा.