काळा-पांढरा माड : लिनोकटची कृती

कोकणातल्या कुठल्याही वाडीत सकाळच्या उन्हात एकच माड बुंध्यापासून शेंड्यापर्यंत नीट पाहा. वर आभाळावर त्याच्या झावळ्या काळ्या दिसतात, खोडाचा वरचा भागही काळाच. नजर खाली आली, मागे आंब्या-फणसांची गर्द राई आली, की तेच खोड पांढरट दिसू लागतं. खोड बदललेलं नसतं. बुंध्यापासून शेंड्यापर्यंत ते राखाडीच असतं, बदललेलं असतं ते फक्त त्याच्या मागचं.

हा माड आपल्याला लिनोवर कोरायचा आहे, कारण काळ्या-पांढऱ्या चित्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तो एका खोडावर दाखवतो. अशा चित्रात पांढरं म्हणजे काळं भरून उरलेली जागा नव्हे. दोघांना सारखंच काम द्यावं लागतं, आणि जिथे ते भेटतात त्या कडेवर दोघांचाही हक्क असतो. काळ्या पेनानं पांढऱ्या कागदावर चित्र काढताना हे सहज विसरलं जातं. लिनोत विसरता येत नाही, कारण तिथे हातातलं हत्यार पांढरं काढतं आणि काळं आपोआप राहतं.

आधी सामान. 15 बाय 20 सेंटिमीटरचा, साधारण 3 मिलिमीटर जाडीचा लिनोचा तुकडा. व्ही आणि यू आकाराची पाती असलेला लिनो कटरचा संच. छपाईची काळी शाई, रबरी रोलर, शाई पसरायला काच, ट्रेसिंग पेपर, मऊ पेन्सिल, काळा पर्मनंट मार्कर आणि एक लाकडी चमचा. प्रेस लागत नाही. कागद मात्र विचार करून घ्या. जाडा, खरबरीत हातकागद दिसायला सुंदर असला, तरी चमच्यानं घासून त्यावर सलग काळं उतरत नाही. पातळ, गुळगुळीत, पण चिवट कागद हवा. नेपाळी कागद यासाठी उत्तम.

लिनो म्हणजे मुळात जमिनीवर अंथरायचं लिनोलियम. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक वॉल्टननं 1860 च्या दशकात ते तयार केलं. जवसाचं तेल हवेनं घट्ट करून त्यात बुचाच्या झाडाचा भुगा आणि राळ मिसळायची, आणि ते मिश्रण तागाच्या कापडावर थापायचं. लाकडाला असतात तसे उभे-आडवे धागे त्यात नसल्यामुळे पातं कुठल्याही दिशेला सारखंच चालतं. तेलामुळे ऊब लागली की तो मऊ होतो. थंडीत कोरायला बसण्याआधी तुकडा दहा मिनिटं उन्हात ठेवा, हात बराच हलका चालेल.

आता कच्चं काम. आगपेटीएवढे पाच-सहा चौकोन आखा आणि त्यांत पेन्सिल न लावता थेट ब्रशनं किंवा जाड मार्करनं माड मांडा. बाह्यरेषा काढायची नाही, करडी छटाही वापरायची नाही. प्रत्येक जागा एक तर काळी किंवा पांढरी. जपानी चित्रकलेत उजेड-अंधाराच्या अशा मांडणीला नोटान म्हणतात, आणि अमेरिकन कलाशिक्षक आर्थर वेस्ली डाव यांनी 1899 मध्ये ‘कंपोझिशन’ या पुस्तकातून ती पाश्चात्त्य विद्यार्थ्यांना शिकवायला घेतली. या टप्प्यावर घाई करू नये असं मी आवर्जून सांगेन. लिनोवर दोन दिवस घालवूनही चित्र का जमलं नाही, याचं उत्तर बहुतेक वेळा या आगपेटीएवढ्या चौकोनातच सापडतं.

चौकोनाचा वरचा सुमारे निम्मा भाग आभाळाचा, म्हणजे पांढरा. खालचा राईचा, म्हणजे काळा. राईची वरची कड सरळ ठेवू नका, आंब्याचे घुमट आणि फणसाचे खांदे तिच्यात दिसू द्या. या दोन्हींमधून माड थोडा कलता जाऊ द्या. वर तो काळा, खाली पांढरा. मग दोन पाहुणे आणा. आभाळात एक कावळा, खाली राईच्या पुढे जमिनीवर एक बगळा. पांढऱ्याच्या राज्यात थोडं काळं गेलं आणि काळ्याच्या राज्यात थोडं पांढरं आलं, की दोन्ही भाग एकमेकांना धरून ठेवतात. पक्षी लहानच ठेवा. मोठे झाले तर चित्र त्यांचंच होईल.

झालेले चौकोन भिंतीला लावून चार पावलं मागे जा आणि डोळे किलकिले करून पाहा. नंतर उलटे करून पाहा. उलट्या चौकोनात माड ओळखू येत नाही, फक्त आकार राहतात, आणि कुठला भाग नुसताच भरलेला आहे ते लगेच कळतं. दोन झावळ्यांमधल्या आभाळाच्या फटीकडे विशेष लक्ष द्या. त्या फटीही झावळ्यांइतक्याच टोकदार आणि वेगवेगळ्या हव्यात. सगळ्या सारख्या रुंदीच्या आल्या, तर झावळ्या कंगव्यासारख्या दिसतात.

एम. सी. एशर यांचं 1938 मधलं ‘डे अँड नाइट’ हे काष्ठठशाचं चित्र मिळालं तर या वेळी समोर ठेवा. त्यात काळे पक्षी दिवसाकडे उडतात आणि पांढरे रात्रीकडे. दोन काळ्या पक्ष्यांमधली जागाच हळूहळू पांढरा पक्षी होते. आपल्याला इतकं गुंतागुंतीचं काही करायचं नाही. पण कडेला दोन मालक असतात म्हणजे काय, ते तिथे दिसतं.

पसंत पडलेला चौकोन ट्रेसिंग पेपरवर लिनोच्या आकाराएवढा मोठा करून मऊ पेन्सिलीनं काढा. तो कागद लिनोवर पालथा घाला आणि मागून चमच्यानं घासा. चित्र उलटं उतरेल, छापल्यावर पुन्हा सुलटं येईल. उतरलेल्या रेषांवरून मार्कर फिरवून काळ्याच्या सगळ्या जागा भरून टाका. लिनोचा स्वतःचा रंग जिथे दिसतो तिथे कोरायचं, इतकी सरळ खूण होते.

आता या चित्रातली सगळ्यात अवघड जागा. राईची कड जिथे माडाच्या खोडाला येऊन भिडते, तिथे खोड काळ्याचं पांढरं होतं. ही अदलाबदल एका आडव्या रेषेवर खटकन केली, तर खोड तिथे तुटल्यासारखं दिसतं. त्यासाठी माडाच्या खोडावरची वलयं कामाला येतात. जुन्या झावळ्या गळून पडल्या की त्यांच्या खुणांची कडी खोडावर राहतात. वरच्या काळ्या भागात ही वलयं पातळ पांढऱ्या रेघांनी कोरा. बदलाची जागा जवळ येईल तशा रेघा जाड करत चला, इतक्या की मधलं काळंच रेघांएवढं बारीक व्हावं. त्याखाली पांढऱ्या खोडावर काळी वलयं राहतील, आधी जाड, मग बारीक, आणि बुंध्याजवळ जवळपास नाहीतच. पाच-सहा वलयांत काळ्यानं पांढऱ्याला जागा दिलेली असते आणि खोड अखंड राहतं. वलयं सरळ आडवी नकोत, खोडाच्या गोलाईप्रमाणे किंचित बाक द्या. करडेपणाचा आभास या चित्रात एवढ्याच ठिकाणी येऊ द्या. आभाळात ढगांच्या रेघा किंवा राईत पानांचे ठिपके भरायचा मोह होईल, पण सगळीकडे बारीक काम झालं की डोळ्याला निवांत काळं मिळत नाही आणि निवांत पांढरंही मिळत नाही.

कोरण्यासाठी एक फळी घ्या. तिला पुढच्या कडेला वरून आणि मागच्या कडेला खालून एकेक पट्टी ठोका. खालची पट्टी टेबलाच्या काठाला अडकते आणि वरच्या पट्टीला लिनो टेकतो. दुसरा हात नेहमी पात्याच्या मागे. हा नियम एकदाही मोडू नका, कारण लिनोवरून घसरलेलं पातं बोटात खोल जातं. पातं उभं धरू नका, आडवं, जवळजवळ निजतं धरा. खोली एक-दीड मिलिमीटर पुरते. ताग दिसू लागला तर जास्त खोल गेलात. काळ्याच्या कडेला पात्याचा उतार बाहेरच्या बाजूला ठेवा, म्हणजे काळ्याला खालून आधार राहील. आत वळलेली कड छापताना मोडते. वळण आलं की हात फिरवू नका, लिनो फिरवा.

आधी व्ही पात्यानं काळ्याच्या कडा मोकळ्या करा, मग यू पात्यानं आभाळ साफ करा. आभाळात पात्याच्या काही धारा उभ्या राहतीलच आणि त्या थोड्या छापल्याही जातील. त्यांना दिशा द्या. शेंड्यापासून बाहेरच्या बाजूला कोरत गेलात, तर उरलेल्या खुणा झावळ्यांच्या चालीतच जातात आणि आभाळ हलतं वाटतं.

सुरुवातीला कमीच कोरा. काळ्याचं पांढरं केव्हाही करता येतं, पांढऱ्याचं काळं पुन्हा करता येत नाही. त्यामुळे वलयं आणि झावळ्यांच्या फटी ठरवल्यापेक्षा बारीक ठेवा आणि पहिला कच्चा छाप काढा. त्याचं आणखी एक कारण आहे. गडद पार्श्वभूमीवरचा उजळ आकार डोळ्याला आहे त्याहून मोठा भासतो. एकोणिसाव्या शतकात जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झनं दृष्टीच्या अभ्यासात याचा विचार केला होता. म्हणून बगळा कोरताना थोडा लहान कोरावा, कावळा थोडा मोठा ठेवावा, तर दोघे सारख्या वजनाचे दिसतील. पण शाई नेमकी उलट वागते. दाबाखाली ती पसरते आणि बारीक पांढऱ्या रेघा बुजवते. डोळा पांढरं वाढवतो, शाई ते कमी करते. यातलं कोण किती हे हिशेबानं ठरत नाही, छाप काढूनच ठरवावं लागतं.

काचेवर बोटाच्या पेराएवढी शाई घ्या आणि रोलर सगळ्या दिशांनी फिरवा. थर नीट पातळ झाला की रोलरचा बारीक, एकसारखा चरचर आवाज येतो. चिकट पचपच आवाज आला तर शाई जास्त आहे. लिनोवर एकाच वेळी जाड थर देऊ नका, पातळ थर चार-पाच वेळा द्या. कागद वरून अलगद सोडा, त्यावर बटर पेपर ठेवा आणि मधून कडेकडे चमचा फिरवा. राईवर जोर लावा, तिथलं काळं सलग आणि खोल यायला हवं. आभाळावर चमचा जेमतेम टेकवा, नाहीतर कागद खोलगट भागात दबून नको त्या धारा उचलतो. एक कोपरा धरून दुसरा उचलून पाहा. कुठे फिकं राहिलं असेल तर कागद तसाच परत सोडून तेवढंच घासा.

कच्चा छाप पुन्हा भिंतीवर लावा. बहुतेक वेळा तो जरा जास्तच काळा वाटतो, आणि ते योग्यच आहे, कारण पुढचं सगळं काम पांढरं वाढवण्याचं आहे. बदलाच्या जागी वलयं मोकळी करा. दोन-तीन फटी रुंद करा, सगळ्या नको. राईत एखादा कवडसा हवासा वाटला तर एकच कोरा आणि लगेच छापून पाहा.

थांबायचं कधी, हे शिकायला थोरांची कामं पाहावीत. नंदलाल बसूंनी 1930 मध्ये मिठाच्या सत्याग्रहाच्या वेळी केलेला गांधीजींचा लिनोकट पाहा. काठी, पुढे पडलेलं पाऊल आणि अंगाची चाल, बस्स. एकही रेघ माणूस सजवण्यासाठी नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्याची प्रत आहे. 1943 च्या बंगालच्या दुष्काळाची चित्रं काढणारे चित्तप्रसाद पुढे मुंबईत, अंधेरीला राहिले. गरिबीत राबणाऱ्या मुलांवरची त्यांची लिनोकटांची मालिका दिसली तर वेळ काढून बघा. त्यांचं काळं जड असतं, आणि त्या जडपणातून मुलांचे चेहरे पुढे येतात. आपल्याकडेही दिवाळी अंकांची रेखाटनं जस्ताच्या लाइन ब्लॉकवरून छापली जायची. त्या ब्लॉकला करडी छटा कळत नसे, शाई लागायची किंवा नाही लागायची. जुना अंक हाती आला तर त्यातली चित्रं याच दृष्टीनं बघा, खूप शिकायला मिळतं.

पक्के छाप काढताना कागद आधीच एका मापाचे कापून ठेवा. लिनोच्या खाली एका पुठ्ठ्यावर कागदाच्या आणि लिनोच्या कोपऱ्यांच्या खुणा करा, म्हणजे चारही बाजूंचा समास प्रत्येक प्रतीवर सारखा येईल. हा समासही चित्रातलं पांढरंच आहे. तो अरुंद ठेवला तर आभाळ त्यात वाहून जातं, म्हणून आभाळाच्या कडेला लिनोची एक बारीक काळी पट्टी राखून ठेवलेली बरी. तेलाची शाई असेल तर छाप दोरीवर चिमट्यांनी टांगून चार-पाच दिवस वाळू द्या. पावसाळ्यात याहून जास्त लागतात, आणि ओला छाप दुसऱ्यावर ठेवला तर दोन्ही जातात. रोलर आणि लिनो आधी खाण्याच्या तेलानं पुसा, मग साबणाच्या पाण्यानं. लिनो सपाट ठेवा, गुंडाळू नका.

वाळलेल्या छापांवर चित्राच्या खाली पेन्सिलीनं लिहायचं. डावीकडे प्रतीचा क्रमांक आणि एकूण प्रती, 3/15 असा. मधे चित्राचं नाव, उजवीकडे सही आणि साल. कच्चे छाप या मोजणीत धरत नाहीत, त्यांच्यावर तसं लिहून ते वेगळे ठेवा. पुढचा लिनो कोरायला घ्याल तेव्हा कुठली वलयं केव्हा मोकळी केली, हे तुम्हाला त्यांच्यावरूनच कळेल.