माफीचा मालक कोण?

प्रश्न : इज्जतीसाठी मुलीचा खून करायला इस्लाम सांगतो का? अतिरेकी हिंसेचे मूळही तिथेच आहे का?

उत्तर : नाही. कुराण व्यभिचाराच्या आरोपासाठी चार साक्षीदार मागते आणि ते न आणणाऱ्यालाच ऐंशी फटके सांगते. भावाने संशयावरून गळा दाबावा, याला तिथे आधार नाही. पाकिस्तानच्या सिंध प्रांतातल्या ‘कारो-कारी’चे, म्हणजे इज्जतीसाठी खून करण्याच्या प्रथेचे मूळ टोळीच्या रिवाजात आहे. जमीन, वारसा, जुनी वैरेही त्यात मिसळतात. आपल्याकडे आंतरजातीय लग्नावरून होणारे खून आठवा. तिथे धर्म वेगळा, पण बापाचा राग तोच.

मात्र धर्माच्या नावाने केलेला कायदा खुन्याला वाचवू शकतो, हेही स्पष्ट सांगायला हवे. पाकिस्तानात 1990 पासून किसास (खुनाचा बदला) आणि दियत (रक्ताची भरपाई) कायद्याने मृताच्या वारसांना माफीचा हक्क दिला. खुनी घरचाच, माफ करणारेही घरचेच! जुलै 2016 मध्ये मुलतानला समाजमाध्यमांवर गाजलेल्या कंदील बलोचचा खून तिच्या भावाने केला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कायदा बदलला: इज्जतीसाठी खून सिद्ध झाल्यास वारसांनी माफ केले तरी जन्मठेप. भावाला 2019 मध्ये जन्मठेप झाली. तरीही आईने माफी दिली आणि 2022 मध्ये उच्च न्यायालयाने त्याला सोडले. मला हे अजूनही अस्वस्थ करते.

अतिरेकी संघटना वेगळ्या. त्यांना सत्ता हवी असते. पण बाईवरच्या पहाऱ्याची ही सवय त्यांना आयती मिळते. 2009 मध्ये पाकिस्तानच्या स्वात खोऱ्यात तालिबानने मुलींच्या शाळांवर बंदी घातली, ती याच पहाऱ्याच्या भाषेत.