आकड्यांचा वाद

नालासोपाऱ्याच्या पूर्व भागातील एका चाळीत दोन भाऊ राहत होते. थोरला आठवीत होता, धाकटा सहावीत. दोघांनाही मोटारींचे विलक्षण वेड. थोरला मोटारींची पुस्तके वाची. धाकटा शेजारच्या मित्राकडे जाऊन मोटारशर्यतीचा व्हिडिओ गेम खेळे.

एके रविवारी ‘निस्सान स्कायलाइन जीटी-आर’ या जपानी मोटारीवरून दोघांत वाद जुंपला.

“तिची शक्ती २८० अश्वशक्ती आहे,” थोरला म्हणाला.

“नाही दादा, २७६. गेममध्ये मी स्वतः पाहिले आहे.”

“गेममध्ये पाहिले म्हणे! माझ्या पुस्तकात स्पष्ट छापले आहे. तू खोटारडा आहेस.”

चाळीतील सारी मुले हसली. धाकट्याच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. त्या रात्री दोघे भाऊ एकमेकांकडे पाठ करून झोपले.

दुसऱ्या दिवशी त्यांची आई दोघांना त्यांच्या मामांकडे घेऊन गेली. मामांचे मोटारदुरुस्तीचे गॅरेज होते. काळे झालेले हात पुसत मामांनी दोघांचेही म्हणणे शांतपणे ऐकून घेतले.

“मामा, आता तुम्हीच सांगा, कोणाचा आकडा खरा?” धाकट्याने विचारले.

“त्याआधी अश्वशक्ती म्हणजे काय, ते पाहू,” मामा म्हणाले. “७५ किलो वजन एका सेकंदात एक मीटर उंच उचलण्यास जी शक्ती लागते, ती एक अश्वशक्ती. हे झाले मेट्रिक माप. जपानात हेच माप रूढ होते. इंग्रजी अश्वशक्ती मात्र किंचित मोठी आहे. तीत ७५ ऐवजी सुमारे ७६.०४ किलो वजन उचलावे लागते. आता करा पाहू हिशेब.”

थोरल्याने कागद घेतला. २८० गुणिले ७५ म्हणजे २१,०००; त्याला ७६.०४ ने भागले. उत्तर आले २७६ आणि वर थोडेसे. त्याची मान खाली गेली. पुस्तकातील आकडा मेट्रिक होता, गेममधील आकडा इंग्रजी होता. एकच शक्ती दोन मापांनी सांगितली होती. भाऊ खोटे बोलला नव्हता.

“म्हणजे आम्हा दोघांचेही खरे!” धाकटा आनंदाने म्हणाला.

“तुम्ही दोघांनी आकडा बरोबर उतरवून घेतला, इतकेच यावरून सिद्ध झाले,” मामा हसून म्हणाले. “मूळ आकडा खरा होता की नाही, हा प्रश्न निराळा.”

मग मामांनी एक चमत्कारिक हकिगत सांगितली. जपानातील मोटार कारखानदारांनी आपसांत असा समझोता केला होता, की कोणत्याही गाडीची शक्ती २८० हून अधिक सांगावयाची नाही. भरधाव गाड्यांमुळे अपघात वाढतील, ही चिंता त्यामागे होती. १९८९ पासून २००४ पर्यंत हा संकेत पाळला गेला. परंतु इंजिने सुधारत गेली आणि आकडा मात्र तेथेच थांबला. काही गाड्यांची प्रत्यक्ष शक्ती कागदावरील शक्तीहून अधिक असे. स्कायलाइन त्यांपैकीच एक.

१९९७ साली जपानात काझुनोरी यामाउची यांच्या नेतृत्वाखाली ‘ग्रान तुरिस्मो’ हा गेम तयार झाला. खऱ्या मोटारी, त्यांची वजने आणि त्यांची शक्ती पडद्यावर हुबेहूब आणण्यासाठी तो नावाजला गेला. परंतु कारखान्याच्या पत्रकातच आकडा कमी छापलेला असेल, तर त्या पत्रकाची निष्ठेने केलेली नक्कलसुद्धा चुकीचीच ठरते. आरसा कितीही स्वच्छ असला, तरी समोर मुखवटा असेल तर आरशात मुखवटाच दिसणार.

“आपल्या देशातील एखादी गाडी अशा गेममध्ये आहे का?” थोरल्याने विचारले.

“मार्च २०१७ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात टाटा मोटर्सने ‘टॅमो रेसमो’ ही गाडी मांडली. १.२ लिटरचे इंजिन, १९० अश्वशक्ती आणि सहा सेकंदांच्या आत ताशी १०० किलोमीटरचा वेग, असे तिचे वर्णन होते. ‘फोर्झा होरायझन ३’ या गेममध्येही ती येणार, असे तेव्हा जाहीर झाले. परंतु ती गाडी विक्रीसाठी कधी बाजारात आलीच नाही. ज्याने ती विकत घेऊन चालविली आणि घड्याळ लावून पाहिले, असा ग्राहक तुम्हांला कोठून मिळणार? तो आकडा सांगितलेला आहे. खोटा म्हणावयाचा नाही, पण पडताळलेला आहे असेही म्हणावयाचे नाही.”

“मग पडताळावयाचे कसे?”

मामा उठले. कोपऱ्यात प्रीमियर पद्मिनीचे एक जुने इंजिन पडले होते. ही गाडी मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होई आणि २०२३ पर्यंत ती मुंबईच्या रस्त्यांवर टॅक्सी म्हणून धावली. तिच्या इंजिनाचे आकारमान १०८९ घन सेंटिमीटर, असे पुस्तकात दिलेले असते. इंजिनाचे हेड उतरविलेलेच होते. मामांनी मापपट्टी मुलांच्या हाती दिली. सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटरांहून केसभर अधिक भरला.

“हा केसभर फरक झिजेचा; तो सोडून द्या. पिस्टनची वरखाली होणारी धाव ७५ मिलिमीटर. सिलिंडर चार.”

दोघे भाऊ एकाच कागदावर वाकले. त्रिज्या ३.४ सेंटिमीटर, तिचा वर्ग ११.५६. त्याला ३.१४ ने गुणले, मग ७.५ ने, मग चारने. उत्तर आले १०८८.९५!

“दादा, जुळले!” धाकटा ओरडला. पुस्तकातील आकडा आता केवळ पुस्तकाचा राहिला नव्हता. तो त्यांचा स्वतःचा झाला होता.

सायंकाळी थोरल्याने चाळीतील सर्व मुलांना गोळा केले आणि त्यांच्यासमोर तो म्हणाला, “काल मी माझ्या भावाला खोटारडा म्हटले. चूक माझी होती. मी माप न पाहता आकडा पाहिला.”

ज्या गावात हा वाद घडला, ते गाव फार प्राचीन आहे. शूर्पारक नावाने प्रसिद्ध असलेल्या या बंदरात सम्राट अशोकाने आपले लेख शिळांवर कोरविले होते. त्यांतील आठव्या लेखाचा एक तुकडा १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सोपारा येथे सापडला. याच लेखमालेतील चौदावा लेख गिरनार येथे आजही आहे. त्यात सम्राट सांगतो, की काही मजकूर लेखनिकाच्या चुकीमुळे अपुरा राहिला असेल. दगडावर कोरलेल्या राजाज्ञेतही चूक संभवते, हे एवढ्या मोठ्या सम्राटाने मोकळेपणाने मान्य केले. मग कागदावरील किंवा पडद्यावरील आकड्याची पडताळणी करण्यात आपण संकोच का बाळगावा?

स्वाध्याय

१. दोन्ही भावांचे आकडे भिन्न असूनही कोणीच खोटे बोलले नव्हते, हे कशावरून ठरते?
२. ‘समोर मुखवटा असेल तर आरशात मुखवटाच दिसणार’ या वाक्याचा अर्थ पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
३. उतरवून घेतलेला, सांगितलेला आणि मोजलेला आकडा यांचे प्रत्येकी एक उदाहरण पाठातून शोधून लिहा.
४. तुमच्या घरातील एखाद्या वस्तूवर छापलेले वजन किंवा माप स्वतः पडताळून पाहा व आपला अनुभव पाच वाक्यांत लिहा.