औषधालयातील संगणक : होम आवृत्ती की प्रो?

विषयप्रवेश

रुग्णाचे वय, बल, प्रकृती आणि सात्म्य पाहिल्यावाचून औषधयोजना करू नये, हा दंडक आपणा सर्वांच्या अंगवळणी पडलेला आहे. मात्र चिकित्सालयासाठी संगणक घेण्याची वेळ आली की तोच दंडक आपण विसरतो. विक्रेता विचारतो, "विंडोज होम देऊ की प्रो?" आणि आपण एक तर 'स्वस्त असेल ते द्या' असे सांगतो, नाही तर 'महाग ते चांगले' असे मानून मोकळे होतो. आम्ही दुसऱ्या वर्गातले. त्यातून जे शिकावे लागले, ते वैद्यबंधुभगिनी व औषधालयचालक यांच्यापुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आमचा अनुभव

आमचे चिकित्सालय खाडीपलीकडील गोराई गावात आणि औषधालय अलीकडे, बोरिवली पश्चिमेच्या गोराई वसाहतीत. मध्ये खाडी. जाणेयेणे बोटीने, बोट नसेल तर भाईंदर-उत्तनमार्गे रस्त्याने मोठा वळसा. औषधालयातील बिलाच्या संगणकावर आम्ही जादा पैसे मोजून प्रो आवृत्ती घेतली होती. रुग्णपत्रे मात्र एका जुन्या लॅपटॉपवर, होम आवृत्तीत होती व तो रोज आमच्यासोबत बोटीने ये-जा करीत असे.

एके दिवशी संध्याकाळी लॅपटॉपची पिशवी बोटीतच राहिली. लॅपटॉपला पासवर्ड नव्हता. अनेक वर्षांची रुग्णपत्रे त्यात होती : वंध्यत्वाची, त्वचारोगांची, मनोविकारांची. ज्यांनी घरातही न सांगितलेले आम्हांस सांगितले, त्यांची नावे व पत्ते त्यात होते. बॅकअपचा पेनड्राइव्हसुद्धा त्याच पिशवीत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी बोटीवरील माणसाने पिशवी जशीच्या तशी आमच्या हाती दिली. यंत्राच्या किमतीचा विचार त्या रात्री आमच्या मनात एकदाही आला नाही. ज्यांनी विश्वास टाकला, त्यांना काय सांगावे हाच विचार होता. प्रो आवृत्तीचे पैसे आम्ही भरले होते, पण संरक्षणाची गरज होती ते यंत्र उघडे होते, आणि जेथे प्रो होती तेथे तिची एकही सोय आम्ही सुरू केलेली नव्हती.

आवृत्तिभेदाचा थोडा इतिहास

मायक्रोसॉफ्टने २००१ मध्ये विंडोज एक्सपी बाजारात आणली तेव्हा घरगुती वापरासाठी होम व कार्यालयांसाठी प्रोफेशनल असा भेद केला. २००७ मधील व्हिस्टा व २००९ मधील विंडोज ७ यांत होम बेसिक, होम प्रीमियम, अल्टिमेट अशा आणखी आवृत्त्या आल्या आणि ग्राहक गोंधळला. आज विंडोज ११ मध्ये सामान्य खरेदीदारापुढे मुख्यतः दोनच पर्याय असतात : होम आणि प्रो.

आवृत्ती आणि पिढी या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे येथे लक्षात घ्यावे. एक्सपी, ७, १०, ११ या पिढ्या होत. पिढी कालबाह्य झाली की तिची सुरक्षा-अद्ययावते थांबतात; मग आवृत्ती होम असो वा प्रो. एक्सपीची अद्ययावते ८ एप्रिल २०१४ रोजी, विंडोज ७ ची १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० ची नियमित अद्ययावते १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. सबब 'विंडोज १० प्रो' असलेल्या जुन्या यंत्रापेक्षा 'विंडोज ११ होम' असलेले नवे यंत्र अधिक सुरक्षित समजावे.

दोहोंत समान काय?

बिले व हिशेबाची प्रचलित सॉफ्टवेअरे, टॅली, इंटरनेट, युनिकोडमधील मराठी टंकलेखन, लेबलांची छपाई, एका प्रिंटरचा दोन-तीन संगणकांनी मिळून वापर, ही सर्व कामे होम आवृत्तीत उत्तम होतात. विषाणूंपासून रक्षण करणारा डिफेंडर आणि फायरवॉल दोहोंत आहेत. सुरक्षा-अद्ययावतेही दोहोंस सारखीच मिळतात. प्रो घेतल्याने संगणक जलद चालतो हा समज निराधार आहे. वेग हा प्रोसेसर, मेमरी व एसएसडी यांवर अवलंबून असतो.

प्रोमध्ये अधिक काय?

१. बिटलॉकर : डिस्कवरील संपूर्ण माहिती कूटरूपात साठविण्याची ही सोय होय. किल्लीवाचून ती माहिती कोणास वाचता येत नाही. डिस्क काढून दुसऱ्या यंत्रास जोडली तरीही नाही. पेनड्राइव्ह व बाहेरील हार्डडिस्क यांनाही प्रोमधून असे कुलूप लावता येते. होम आवृत्तीत असे कुलूपबंद पेनड्राइव्ह उघडता येतात, नव्याने बंद करता येत नाहीत. मात्र अनेक नव्या लॅपटॉपांत होम आवृत्तीतही 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' या नावाने आतील डिस्कचे असे संरक्षण मिळते. सेटिंग्जमधील 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी' या भागात ते दिसते का, हे खरेदीपूर्वीच विक्रेत्याकडून पाहून घ्यावे.

२. रिमोट डेस्कटॉप : दूर बसून आपला संगणक चालविण्याची ही सोय होय. ज्या संगणकात शिरावयाचे तो प्रो असावा लागतो. ज्यावरून शिरावयाचे तो होम असला तरी चालतो. गोराई गावात बसून वसाहतीतील औषधालयात दशमूलारिष्टाच्या किती बाटल्या उरल्या, हे आता आम्ही असेच पाहतो. पूर्वी त्यासाठी दिवसातून चार दूरध्वनी होत. मात्र हे दार थेट इंटरनेटवर उघडे ठेवू नये. खंडणीखोर सॉफ्टवेअरे याच मार्गाने शिरतात. जाणकाराकडून व्हीपीएनची व्यवस्था करून घेऊन मगच ही सोय वापरावी.

३. केंद्रीय नियंत्रण : अनेक संगणकांवर एकाच ठिकाणाहून नियम लागू करता येतात. पंचकर्म रुग्णालय, औषधनिर्मितीशाळा किंवा अनेक शाखांचे औषधालय यांना याचा उपयोग आहे. एका टेबलाच्या चिकित्सालयास नाही.

निवड कशी करावी?

एकच संगणक असून तो दुकानाबाहेर जात नसेल व त्यावर मुख्यतः बिले होत असतील, तर होम पुरेसे आहे. वाचलेल्या पैशांतून यूपीएस व बॅकअपसाठी हार्डडिस्क घ्यावी. रुग्णपत्रे असलेला लॅपटॉप ने-आण करीत असाल, तर डिस्कचे एन्क्रिप्शन अनिवार्य समजावे. होममध्ये ते मिळत नसेल किंवा बॅकअपच्या पेनड्राइव्हलाही कुलूप हवे असेल, तर प्रो घ्यावी. दुसऱ्या जागेवरून चालवावयाच्या संगणकासाठीही प्रो योग्य ठरते.

निर्णय होत नसेल तर होम घ्यावी. पुढे शुल्क भरून त्याच यंत्रावर, माहिती न पुसता, प्रो करता येते. प्रोवरून होमकडे येण्यास मात्र सामान्यतः सर्व नव्याने बसवावे लागते. जोडणीचा संगणक घेताना 'प्रो टाकून दिले आहे' एवढ्यावर विसंबू नये. परवान्याचा उल्लेख बिलावर मागावा. चोरीची प्रो ही अशुद्ध भस्मासारखी असते : दिसण्यात फरक नसतो, अपाय मात्र मागाहून कळतो.

पथ्यापथ्य

मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाच्या खंडणीखोर सॉफ्टवेअरने जगभरातील संगणक कुलूपबंद केले. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेतील रुग्णालयांची कामे खोळंबली. त्यावरील अद्ययावत मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिले होते. ज्यांनी ते घेतले नव्हते ते सापडले. आवृत्ती कोणती, हा प्रश्न तेथे गौण ठरला. औषध उत्तम असूनही पथ्य न पाळल्यास गुण येत नाही, तसेच हे आहे.

म्हणून आवृत्ती कोणतीही असो, पुढील पथ्ये पाळावीत. अद्ययावते थांबवू नयेत. वैद्य आणि काउंटरवरील सहायक यांची खाती व पासवर्ड वेगळे असावेत. आठवड्यातून एकदा तरी बॅकअप घ्यावा आणि तो लॅपटॉपच्या पिशवीत कदापि ठेवू नये. एन्क्रिप्शन सुरू करताना मिळणारी ४८ अंकी पुनर्प्राप्ती-किल्ली कागदावर छापून घरच्या कपाटात ठेवावी. ती हरवल्यास कुलूप आपल्यालाच उघडता येत नाही.

कायद्याची बाजूही ध्यानात असावी. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम व नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेले त्याचे नियम यांत, इतरांची माहिती संगणकावर बाळगणाऱ्यांनी तिच्या रक्षणासाठी वाजवी उपाय योजावेत अशी अपेक्षा आहे. तसे न केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद अधिनियमात आहे. नियमांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होणार असली, तरी तयारी आजच करणे हिताचे.

उपसंहार

रुग्णाने सांगितलेली गोष्ट गुप्त राखणे हा वैद्याचा धर्म कायद्याहून जुना आहे. पूर्वी ती गोष्ट वैद्याच्या स्मरणात राही, नंतर कपाटातील वहीत आली, आता लॅपटॉपमध्ये आली आहे. कपाटास आपण कुलूप लावीतच होतो. तेव्हा विक्रेत्याने 'होम की प्रो' असे विचारल्यास प्रथम स्वतःस विचारावे : या यंत्रात कोणाची माहिती राहणार, ते कोठे कोठे जाणार आणि ते हरवल्यास कोणाचे नुकसान होणार? या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली की आवृत्तीची निवड अवघड राहत नाही.