शेळ्या-मेंढ्यांचा कासदाह: सुईआधी दुधाचा नमुना

सडाच्या छिद्रातून जिवाणू कासेत शिरले की कासदाह होतो. पशुपालक त्याला दगडी म्हणतात. रामटेक तालुक्यात पावसाळा सरताना व्यालेल्या शेळ्यांना त्याचा धोका अधिक, कारण गोठ्याची जमीन ओली असते, कास दुधाने भरलेली असते आणि करडू पिऊन झाल्यावर सडाचे तोंड काही वेळ उघडे राहते. बोर-बाभळीच्या काट्यांचे ओरखडे, करडांचे दात, करडांच्या तोंडावरचा मावा सडावर उतरून आलेले फोड यांतूनही जिवाणूंना वाट मिळते.

विदर्भातील बेरारी शेळी मुख्यतः करडांसाठी पाळली जाते. रोज धार काढली जात नसल्याने कासेला हात लागत नाही आणि नेमका इथेच घात होतो. जुळ्यांपैकी एक करडू खंगू लागते किंवा शेळी पिल्लांना लाथ मारून दूर करते, तेव्हा कुठे लक्ष जाते. तोवर एक बाजू निकामी झालेली असते. व्याल्यानंतरचे पहिले काही आठवडे रोज सकाळी दोन्ही सड दाबून पाहावेत. कास गरम, टणक किंवा एका बाजूने सुजलेली असणे, दूध पाण्यासारखे, गाठाळ किंवा रक्तमिश्रित येणे, मागचे पाय फाकवून चालणे ही ठळक लक्षणे आहेत. कास थंड पडून निळी-काळी होऊ लागली, तर तो सडका कासदाह होय. त्यात जनावर झपाट्याने दगावते. मेलेल्या भागाला रक्तपुरवठा नसल्याने औषधही तिथे पोहोचत नाही. अशा वेळी एक तासही न दवडता १९६२ या क्रमांकावर पशुवैद्यकीय सेवेला कळवावे.

छुपा कासदाह डोळ्यांना दिसत नाही. शेळीच्या दुधात पेशी मुळातच जास्त असतात. त्यामुळे कासदाह चाचणीत दूध थोडे घट्ट झाले म्हणून लगेच रोग ठरवू नये. एकाच शेळीच्या दोन सडांच्या दुधात फरक दिसला, तर मात्र शंका घ्यावी.

उपचारात सर्वांत मोठी चूक अंदाजाने टोचलेल्या प्रतिजैविकाची. कासदाहाला कारण ठरणारा स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जिवाणू पेनिसिलीन तोडणारे विकर तयार करू शकतो. गाईसाठी आणलेले उरलेले इंजेक्शन, वजन न पाहता दिलेली मात्रा, सूज उतरताच बंद केलेला उपचार यांमुळे दुबळे जिवाणू मरतात, चिवट उरतात आणि पुढच्या वेताला तेच औषध फोल ठरते. गाईची सडात सोडायची ट्यूब दोन शेळ्यांत अर्धी-अर्धी वाटणे तर दुहेरी घातक: मात्रा अपुरी पडते आणि एकीचा संसर्ग दुसरीकडे जातो. हा प्रश्न गोठ्यापुरता नाही, कारण जिवाणू आणि त्यांचे औषधरोधक जनुक जनावरांतून माणसांत पोहोचू शकतात. माणसांसाठी अखेरचा आधार असलेले कोलिस्टिन अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या जनावरांत वापरण्यास भारत सरकारने २०१९ मध्ये बंदी घातली, ती याच चिंतेतून.

शक्य असेल तेव्हा पहिल्या सुईआधीच नमुना घ्यावा. सडाचे टोक स्पिरिटने पुसावे, पहिल्या धारा टाकून द्याव्यात आणि पुढचे दूध निर्जंतुक बाटलीत घेऊन बर्फात ठेवावे. कोणते औषध लागू पडेल, हे प्रयोगशाळेतील चाचणीतून कळते. नमुना कुठे पाठवायचा ते पशुवैद्यकाला विचारावे. जनावर गंभीर असेल, तर अहवालाची वाट न पाहता पशुवैद्यक उपचार सुरू करतात आणि अहवाल आल्यावर गरजेप्रमाणे औषध बदलतात.

प्रतिबंध स्वस्त आहे. गोठ्यात कोरडी तणीस पसरावी आणि ओली झाली की बदलावी. मावा झालेली करडे वेगळी ठेवावीत. आजारी शेळीची धार सर्वांत शेवटी काढावी. उपचारानंतरही कासेत गाठ राहिलेली शेळी पुढच्या वेतासाठी ठेवू नये, कारण तिच्यापासून संसर्ग कळपात पसरत राहतो.

डेंग्यूच्या दिवसांत शेळीच्या दुधाला मागणी वाढते आणि अनेक जण ते कच्चेच पितात. त्याने डेंग्यू बरा होतो, याला खात्रीचा आधार नाही. कच्च्या दुधातून रोगजंतू मात्र नक्की जाऊ शकतात. प्रतिजैविक दिलेल्या शेळीचे दूध पशुवैद्यकाने सांगितलेली मुदत संपेपर्यंत विकू नये आणि घरातही वापरू नये. उकळल्याने जंतू मरतात, पण बहुतेक प्रतिजैविकांचे अंश दुधात तसेच राहतात.