गेम तुम्ही खेळता, जाहिरातीचे पैसे कोणाचे?

प्रश्न : मी बेंगळुरूला नोकरी करतो. रात्री मोबाइलवर गेम खेळून त्याचे व्हिडिओ यूट्यूबवर टाकतो. एका व्हिडिओवर कॉपीराइटचा दावा आला आणि जाहिरातीची कमाई दावेदाराकडे वळली. खेळ माझा, आवाज माझा. मग असं का?

उत्तर : बोलणं तुमचं, पडद्यावरची चित्रं, पात्रं आणि संगीत मात्र कंपनीचं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५२ टीका-समीक्षेला सूट देतं, पण तासभर नुसता खेळ दाखवून तिचा आधार घेणं धोक्याचं. बऱ्याच गेम कंपन्या काही अटींवर कमाईला परवानगी देतात. त्या अटी आधी वाचा.

आता यूट्यूब स्टुडिओत दाव्याचा तपशील उघडा. दावा नेमक्या कोणत्या मिनिटापासून कोणत्या मिनिटापर्यंत आहे, ते तिथे दिसतं. पुष्कळदा भानगड मागे वाजणाऱ्या गाण्याची असते. तेवढा भाग कापता येतो, आवाज बंद करता येतो किंवा गाणं बदलता येतं. गाण्याचा मामला हलका समजू नका : २०२२ मध्ये 'केजीएफ २' या चित्रपटाची गाणी वापरल्यावरून बेंगळुरूच्याच न्यायालयाने काँग्रेसचं ट्विटर खातं रोखण्याचा आदेश दिला होता. उच्च न्यायालयाने तो नंतर अटीवर रद्द केला.

दावा चुकीचा वाटत असेल, तर पाच दिवसांच्या आत हरकत घ्या. मग दाव्याच्या पहिल्या दिवसापासूनची कमाई निकालापर्यंत राखून ठेवली जाते. हक्काचा किंवा परवानगीचा पुरावा हाती नसेल, तर मात्र हरकतीच्या फंदात पडू नका. हरकत खोटी ठरली, तर दावेदार व्हिडिओ काढायला लावू शकतो आणि तुमच्या चॅनेलवर कॉपीराइट स्ट्राइक, म्हणजे नियमभंगाची नोंद, येते. अशा तीन स्ट्राइक जमल्या, तर चॅनेलच बंद होऊ शकतं.