कार्डाचं नाव नको, वॅट विचारा

यवतमाळात कॉम्प्युटर-लॅपटॉप दुरुस्तीच्या धंद्यात एक प्रश्न सतत समोर येतो. "भाऊ, डेस्कटॉपचं मोठं कार्ड लॅपटॉपमंधी बसन काय?" विचारणारा पोरगा बहुधा इंजिनीअरिंगला किंवा अ‍ॅनिमेशनला निघालेला असतो. उद्या तो पुण्या-नागपूरच्या होस्टेलवर जाणार, म्हणून त्याला टॉवर नको, लॅपटॉप हवा. शेजारी वडील उभे असतात आणि पैसा कापसाचा असतो, एकदाच खर्च होणारा. त्यामुळे नुसतं 'हो' किंवा 'नाही' म्हणून त्यांना वाटेला लावणं मला पटत नाही.

1. कार्ड बसत नाही, चिप बसते. आणि ती एकदा खरोखर जशीच्या तशी बसवली गेली होती. सप्टेंबर 2015 मध्ये एनव्हिडियानं डेस्कटॉपची जीटीएक्स 980 पूर्ण ताकदीनिशी लॅपटॉपसाठी जाहीर केली. आधीच्या 980एममध्ये 1536 कोअर होते. या नव्या यंत्रांत डेस्कटॉपइतकेच, 2048. एमएसआयनं ती आपल्या जाडजूड लॅपटॉपांत घातली. असूसनं जीएक्स700 ला मागच्या बाजूनं पाण्यावर चालणारी थंडाव्याची पेटीच जोडली. पुढच्या वर्षी 1080 आली तेव्हा लॅपटॉपच्या कार्डामागचं 'एम' अक्षरही गेलं. हे जमलं, कारण 980 ची भूक 165 वॅटची होती आणि 1080 ची 180 वॅटची. एवढी उष्णता जाड लॅपटॉप कसाबसा बाहेर टाकू शकतो.

2. त्यानंतर डेस्कटॉप पुढे निघून गेला. आरटीएक्स 3090 ला 350 वॅट लागतात, 4090 ला 450 आणि 2025 मध्ये आलेल्या 5090 ला 575. लॅपटॉपमधली चिप मात्र दीडशे-पावणेदोनशे वॅटांच्या आसपासच थांबली आहे, आणि त्यात कंपन्यांचा आळस नाही. 4090 चं एनव्हिडियाचं स्वतःचं कार्ड 61 मिलिमीटर जाड आहे. अख्खा गेमिंग लॅपटॉप त्याच्या निम्म्याहून कमी जाडीचा असतो. मोठ्या गेमिंग लॅपटॉपचा अडॅप्टर साधारण 330 वॅटचा, आणि त्यातच प्रोसेसर, स्क्रीन सगळं भागवायचं. विमानात विनापरवानगी नेता येते ती बॅटरी 100 वॅट-तासांपर्यंतची, म्हणून कंपन्या त्याच्या पुढे जात नाहीत. 450 वॅटचं कार्ड तसली भरलेली बॅटरी तेरा-चौदा मिनिटांत संपवेल.

3. डब्यावरच्या आकड्यावर जाऊ नका. माझ्या मते गिऱ्हाइकाचं सगळ्यांत मोठं नुकसान इथेच होतं. 'आरटीएक्स 4090 लॅपटॉप' या नावाखाली जी चिप मिळते ती डेस्कटॉपच्या 4080 ची: तेच 9728 कोअर, फक्त 320 ऐवजी फार तर 150 वॅट आणि वर थोडं वाढीव. डेस्कटॉपच्या खऱ्या 4090 मध्ये 16384 कोअर आणि 24 जीबी मेमरी आहे. लॅपटॉपमध्ये मेमरी 16 जीबी. 5090 मध्ये तर डेस्कटॉपला 21760 कोअर आणि लॅपटॉपला 10496, म्हणजे निम्म्याहूनही कमी.

म्हणजे डेस्कटॉपची भारी चिप लॅपटॉपला जुळवून घेण्याचं काम कंपन्या आजही करतात, फक्त एक पायरी खालची चिप घेऊन. त्यात वाईट काही नाही. उलट मोठी चिप कमी वॅटवर चालवली तर वेग वॅटांच्या मानानं फारच थोडा घटतो, हे तंत्र मला मनापासून आवडतं. माझा आक्षेप नावाला आहे. बापानं 4090 चे पैसे मोजले तर त्याला आपण काय घेतोय ते कळायला हवं.

त्यातही 4090 लॅपटॉप 80 वॅटचा असू शकतो आणि 150 चाही. नाव एकच, वेगात मोठा फरक. घेण्याआधी दुकानातच एनव्हिडिया कंट्रोल पॅनेल उघडून सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये कमाल ग्राफिक्स पॉवरचा आकडा बघा. दुकानदार तो दाखवायला कुरकुर करत असेल तर दुसरं दुकान बघा.

4. आपला उन्हाळा हिशेबात धरा. लॅपटॉपची ग्राफिक्स चिप साधारण 87 अंशांवर पोचली की स्वतःचा वेग कमी करून घेते. खोली 25 अंशांवर असेल तर चिप आणि हवा यांच्यात 62 अंशांचं अंतर मिळतं. मे महिन्यात वणी-पांढरकवड्याकडे पत्र्याच्या खोलीत 43 अंश असले की उरतात 44. पंखा तोच, तांब्याच्या नळ्या त्याच, पण बाहेर पडणारी उष्णता या अंतराच्या प्रमाणात घटते. कागदावरच्या हिशेबानं 150 वॅटचा लॅपटॉप 105-110 वॅटांवर येतो. थंड देशातल्या वातानुकूलित खोलीत घेतलेले वेगाचे आकडे आपल्या पोरांना दुपारी दोन वाजता मिळणार नाहीत. डेस्कटॉपलाही गरमी लागते, पण त्याच्या मोठ्या हीटसिंकला आणि तीन पंख्यांना सावरायला जागा असते.

5. रुई. जिनिंगच्या आसपासच्या घरांतून आलेला लॅपटॉप उघडला की हीटसिंकच्या पात्यांवर कापसाच्या तंतूंचा थर बसलेला दिसतो, अगदी गादीसारखा दाबलेला. हंगाम संपला की पंखा उघडून साफ करा, पेस्ट बदला. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा, नाहीतर जोरानं फिरून बेअरिंग जातं. आणि कूलरच्या थेट झोतात लॅपटॉप ठेवू नका; तुषारांबरोबर बोअरच्या पाण्याचा क्षार आत जातो.

6. जुन्या लॅपटॉपांत एमएक्सएम नावाचं सुटं, बदलता येणारं कार्ड असायचं. 2004 पासून ती पद्धत होती. आज बहुतेक गेमिंग लॅपटॉपांत चिप मदरबोर्डवरच सोल्डर केलेली असते. ती काढून मोठी बसवून देतो असं कोणी म्हणालं तर पैसे देऊ नका. चिप बसवली तरी वीज पुरवणारं सर्किट, बायोस आणि थंडावा लहान चिपेचाच राहतो.

7. डेस्कटॉपचं कार्ड लॅपटॉपला खरोखर जोडायचं असेल तर ते बाहेर ठेवून जोडतात. वेगळी पेटी, वेगळा एसएमपीएस, थंडरबोल्टची केबल. थंडरबोल्ट 3 आणि 4 मध्ये कार्डाला सेकंदाला साधारण 32 गिगाबिटची वाट मिळते. टॉवरमधला सोळा लेनचा पीसीआय-ई 4.0 स्लॉट त्याच्या आठपट रुंद. म्हणून ब्लेंडरमध्ये रेंडरिंग करणाऱ्याला ही सोय चांगली मानवते. सगळा देखावा एकदा कार्डाच्या मेमरीत गेला की वाट रिकामीच असते. गेममध्ये मात्र सतत ये-जा चालते आणि वेग जातो. चित्र पुन्हा लॅपटॉपच्या स्क्रीनवर आणलं तर आणखी जातो, म्हणून मॉनिटर थेट कार्डाला जोडावा. एसएसडीच्या एम.2 खाचेतून ऑक्युलिंक नावाची केबल काढली तर वाट दुप्पट होते, पण लॅपटॉप उघडा ठेवावा लागतो. पोरांच्या खोलीत, धुळीत, मी ते सुचवत नाही.

8. घरातल्या छोट्या इन्व्हर्टरवर मोठं कार्ड चालवू नका. साध्या चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर चांगले एसएमपीएस कधी कधी अडतात, गेम ऐन भरात असताना यंत्र बंद पडतं. साइन वेव्हचाच इन्व्हर्टर घ्या.

9. या सगळ्यातून आता मी वडिलांना जी जोडणी सुचवतो ती अशी: पोराला हलका, साधा लॅपटॉप द्या आणि उरलेल्या पैशात घरी मधल्या दर्जाच्या कार्डाचा टॉवर उभा करा. रेंडर लावायचं तर होस्टेलवरून इंटरनेटनं त्या टॉवरवर जाता येतं. गेमसाठी सनशाइन आणि मूनलाइट ही फुकटची जोडी आहे, एक घरच्या टॉवरवर आणि एक लॅपटॉपवर. घरी फायबरचं कनेक्शन हवं आणि त्याचा अपलोडचा वेग तपासून घ्यायला हवा, कारण चित्र घरून बाहेर जाणार आहे. नेमबाजीच्या अतिवेगवान गेममध्ये पुणे-यवतमाळ अंतर हाताला जाणवेल, बाकीच्यांत फारसं नाही. दोन-तीन वर्षांनी कार्ड जुनं झालं की तेवढंच बदलता येतं. लॅपटॉपमध्ये ते सुख नाही. वीज गेली की टॉवर बंद पडतो, म्हणून वीज परत आल्यावर आपोआप सुरू होण्याची बायोसमधली सोय मी आधीच चालू करून देतो. घरच्यांना फक्त एसएमपीएसचं मागचं बटण बंद न करायला सांगून ठेवावं लागतं.